एकवीस दिवसांचं इंजेक्शन

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांकडे एक मागणी करायची आहे, आणि ती फार खर्चाची नाही. आपल्या हद्दीतल्या ज्या मुलामुलींना डॉक्टरांनी दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यायला सांगितलंय, त्यांची यादी पालिकेकडे असावी. ते इंजेक्शन घराजवळच्या पालिकेच्या दवाखान्यात मिळावं. तारीख उलटून गेली, तर आशाताईंनी त्या घरी जाऊन चौकशी करावी. क्षयरोगाच्या पेशंटसाठी आपण हे सगळं करतो, नोंद तर २०१२पासून सक्तीची आहे. घशाच्या साध्या संसर्गातून हृदयाच्या झडपा खराब झालेल्या मुलांना मात्र आपली तारीख आपणच सांभाळावी लागते, आणि ती सांभाळणारी बहुतेक वेळा चार घरची धुणीभांडी करणारी आई असते.

या आजाराच्या, म्हणजे ऱ्हुमॅटिक हृदयविकाराच्या, मुळाशी स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जिवाणू आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तो गोल दाण्यांच्या साखळीसारखा दिसतो. व्हिएन्नातले शल्यचिकित्सक थिओडोर बिलरोथ यांनी १८७४ मध्ये त्याचं हे नामकरण केलं. पुढे १९३३ मध्ये अमेरिकेच्या रिबेका लान्सफील्ड यांनी या जिवाणूंचे गट पाडले आणि कोणता गट कोणता आजार करतो हे उलगडू लागलं. घराणं मोठं आहे. न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस याच घराण्यातला. त्याची लस आपल्याकडे २०१७पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आणि २०२१मध्ये देशभर पोचली. ‘ब’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस बाळंतपणात आईकडून बाळाला लागून नवजात बाळाच्या जिवावर उठतो. दातांच्या कडेला राहणारे काही भाईबंद रक्तात शिरले तर आधीच खराब असलेल्या झडपेवर बस्तान मांडतात. मला बोलायचंय ते ‘अ’ गटाबद्दल. घसा धरणं, त्वचेवर पिकलेले फोड, अंगावर लाल पुरळ उठवणारा स्कार्लेट फीवर, बाळंतरोग, मांस सडवत जाणारा भयानक संसर्ग, हे सगळे याचेच उद्योग. पण भारतात त्याने केलेलं सगळ्यात मोठं नुकसान हृदयाचं आहे.

शाळकरी मुलांचा घसा वर्षातून दोन-चार वेळा धरतोच. त्यातले बहुतेक घसे विषाणूंमुळे दुखतात आणि गुळण्या, गरम पाणी, पॅरासिटामॉल यांवर आठवड्यात बरे होतात. काही घसे मात्र या जिवाणूचे असतात. अचानक चढलेला ताप, गिळताना डोळ्यांत पाणी येईल इतकं दुखणं, टॉन्सिलवर पांढरट ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि सर्दी-खोकला मात्र नाही, असं चित्र असलं की डॉक्टरांना संशय येतो. उपचार न घेताही हा घसा चार-पाच दिवसांत बरा वाटू लागतो. घात इथेच होतो. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना पुन्हा ताप येतो आणि सांधे सुजतात. आज गुडघा, परवा घोटा, मग मनगट. जिवाणूच्या अंगावरचं एम प्रथिन आपल्या हृदयातल्या काही प्रथिनांशी मिळतंजुळतं असतं, त्यामुळे शरीराने त्याच्याविरुद्ध उभी केलेली फौज स्वतःच्याच हृदयावर चालून जाते. हा ऱ्हुमॅटिक ताप. फ्रेंच वैद्य लासेग यांनी एकोणिसाव्या शतकात म्हटलं होतं की हा आजार सांध्यांना चाटतो, पण हृदयाला चावतो. सांधे खरोखरच काही मागे न ठेवता बरे होतात. झडपेवरचा चावा मात्र राहतो, आणि दर नव्या घशागणिक तो खोल होत जातो.

काही मुलांमध्ये आजार वेगळंच सोंग घेतो. हातातून पेला निसटतो, तोंड आपोआप वेडंवाकडं होतं, कालपर्यंत ओळीत बसणारं अक्षर आज पानभर भरकटतं. वर्गात बाई ओरडतात, घरी आई ‘नखरे करतेस का’ म्हणून फटकारते. सिडनहॅम कोरिया असं याचं नाव, आणि हे मुलींमध्ये जास्त दिसतं. आपल्या पालिका शाळांतल्या शिक्षकांना एवढं एक लक्षण सांगून ठेवलं, तरी काही मुली शिक्षा होण्याऐवजी वेळेवर डॉक्टरकडे जातील.

आता मुख्य मुद्दा. हा आजार टाळता येतो हे सत्तर वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या वॉरेन हवाई तळावर सैनिकांमध्ये स्ट्रेप्टोकॉकसच्या घशाची साथ होती. तिथे डेनी, वॅनामेकर आणि रॅमेलकॅम्प या डॉक्टरांनी पेनिसिलीन देऊन पाहिलं, आणि ऱ्हुमॅटिक तापाच्या केसेस जवळजवळ थांबल्या. त्यांचं संशोधन १९५०मध्ये प्रसिद्ध झालं. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू केलं तरी बचाव होतो, हेही कळलं. ज्यांना एकदा हा ताप येऊन गेलाय, त्यांना पुन्हा संसर्गच होऊ नये म्हणून लांब टिकणारं पेनिसिलीन, म्हणजे बेंझाथिन पेनिसिलीन, ठरावीक दिवसांनी टोचत राहायचं. आपल्याकडे ते एकवीस दिवसांनी देतात. दवाखान्यात त्याला पेनिड्यूर म्हणतात. इतकी वर्षं वापरूनही या जिवाणूने पेनिसिलीनला दाद न देणं अजून शिकलेलं नाही. आजच्या काळात एखाद्या प्रतिजैविकाबद्दल असं म्हणता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आणि तरी जगात साडेपाच कोटींच्या आसपास माणसं ऱ्हुमॅटिक हृदयविकार घेऊन जगतात, दरवर्षी साडेतीन लाखांहून अधिक मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. युरोप-अमेरिकेतून हा आजार पेनिसिलीन येण्याच्या आधीपासूनच ओसरू लागला होता, कारण घरं मोठी झाली आणि एका खोलीत झोपणारी माणसं कमी झाली. हा जिवाणू तोंडातून उडणाऱ्या थेंबांवर प्रवास करतो. त्याला गर्दी लागते.

गर्दी आपल्याकडे भरपूर आहे. दिघ्याचा इलठणपाडा, कळव्याचा डोंगरउतार, वागळे इस्टेटच्या मागच्या चाळी, तुर्भे स्टोअर, मुंब्र्याच्या दाटीवाटीच्या इमारती. दहा बाय बाराच्या खोलीत आई, बाप, आजी आणि तीन मुलं भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंज्या अंथरून झोपतात. खिडकी असली तर ती पावसाळ्यात बंद. एकाचा घसा धरला की आठवड्यात सगळ्या भावंडांचा धरतो. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा पाम बीच रोडच्या कडेला राहणारं मूलही या जिवाणूला बळी पडू शकतं, पण त्याला स्वतःची खोली असते, ओळखीचे बालरोगतज्ज्ञ असतात आणि लिहून दिलेला कोर्स पूर्ण केला जातो. त्यामुळे एकाच शहरात हा आजार एका बाजूला पुस्तकात उरलाय आणि दुसऱ्या बाजूला घराघरात आहे. ‘ऱ्हुमॅटिक आता कुठे राहिलाय’ असं म्हणणारे डॉक्टर मला भेटतात, तेव्हा त्यांचे पेशंट कोणत्या पिनकोडचे आहेत हे मी विचारतो.

सरकारी रुग्णालयांत रांगा लावणाऱ्या अशा काही कुटुंबांसोबत मी गेलो आहे. त्यातली एक मुलगी तेरा वर्षांची होती. जिना चढताना दम लागायचा, रात्री दोन उश्या लागायच्या. टूडी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड झालेली आणि गळकी निघाली. मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, केसपेपरवर एकवीस दिवसांचं इंजेक्शन लिहिलं आणि जवळच्या दवाखान्यात घ्या म्हणाले. जवळच्या दवाखान्यात सिस्टरनी केसपेपर पाहिला आणि परत दिला: हे इथे टोचत नाही, रिॲक्शन आली तर जबाबदारी कोणाची? कोपऱ्यावरच्या खाजगी डॉक्टरांनी तेच सांगितलं. मेडिकलवाल्याकडे ते त्या दिवशी नव्हतंच. शेवटी आई दर वेळी तिला घेऊन लोकलने मोठ्या रुग्णालयात जाऊ लागली. म्हणजे मुलीची शाळा बुडते, आईचा खाडा होतो आणि मालकीण पैसे कापते. काही महिन्यांनी दोन तारखा चुकल्या, मग तिसरी. यात आईचा हलगर्जीपणा शोधणाऱ्यांची मला चीड येते. नऊ वर्षांच्या मुलीला एकवीस वर्षांची होईपर्यंत हे इंजेक्शन घ्यायचं असेल तर ती संख्या दोनशेच्या वर जाते. दोनशे खाडे परवडतील अशी नोकरी या शहरात कोणत्या कामवाल्या बाईला आहे?

इंजेक्शनही सोपं नाही, हे मान्य करायला हवं. कुपीतली पांढरी पूड पाण्यात मिसळली की दुधासारखं दाट मिश्रण होतं. ते लगेच टोचावं लागतं, नाही तर सुई चोंदते. जाड सुईने, मांसात खोल आणि सावकाश. मूल कळवळतं, दुसऱ्या दिवशी लंगडतं. ज्या सिस्टरचा हात बसलेला असतो तिच्याकडे मुलं गप जातात, नवख्या हाताने टोचलं की पुढच्या वेळी घराबाहेर पडायला तयार होत नाहीत. म्हणून प्रत्येक दवाखान्यात किमान एका परिचारिकेला याचं नीट प्रशिक्षण हवं. कुपी आधी हातात धरून कोमट करणं, दुखणं कमी करण्यासाठी डॉक्टरच्या सल्ल्याने लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध वापरणं, मुलाशी बोलत बोलत टोचणं, या शिकवता येण्याजोग्या गोष्टी आहेत.

राहिला रिॲक्शनचा प्रश्न. भीती खोटी नाही. पेनिसिलीनची ॲलर्जी असते आणि क्वचित ती जीवघेणी ठरते. पण किती क्वचित, हे मोजलेलं आहे. अकरा देशांतल्या १,७९० रुग्णांना दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांचा अभ्यास १९९१मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गंभीर ॲलर्जीच्या चार घटना आणि एक मृत्यू नोंदला गेला. प्रत्येक मृत्यू वाईटच; म्हणून इंजेक्शनच्या खोलीत रिॲक्शन आवरणारं ॲड्रेनालिन तयार हवं, इंजेक्शननंतर अर्धा तास पेशंटला बसवून ठेवायला हवं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने अलीकडे आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली आहे: ज्यांच्या झडपा फारच खराब आहेत किंवा हृदय थकलं आहे, अशांच्या इंजेक्शननंतरच्या काही मृत्यूंमागे ॲलर्जी नसून हृदयच कोलमडणं हे कारण असावं. अशा रुग्णांना तोंडावाटे औषध द्यावं, असा त्यांचा सल्ला आहे. म्हणजे कोणाला टोचायचं आणि कोणाला नाही, हे हृदयरोगतज्ज्ञांनी केसपेपरवर स्पष्ट लिहायचं आणि दवाखान्याने त्याप्रमाणे करायचं. भीतीवरचा उपाय तयारी हा आहे. केसपेपर परत देऊन भीती फक्त आईच्या अंगावर ढकलली जाते, आणि इंजेक्शन न मिळाल्याने जी मुलं पाच-सात वर्षांनी दगावतात त्यांची नोंद कोणाच्याच नावावर होत नाही.

या साखळीच्या शेवटी काय आहे तेही पाहू. झडप आखडली तर फुग्याने रुंद करतात, जमली नाही तर बदलतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या शस्त्रक्रिया होतात, आणि ही योजना गरिबांच्या खरोखर उपयोगाची आहे. पण धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, त्यासाठी वारंवार रक्त तपासावं लागतं, आणि ती गोळी पोटातल्या गर्भाला घातक ठरू शकते. वीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको. अनेक जणींचा आजार तर पहिल्या बाळंतपणातच उघडा पडतो. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं, आखडलेल्या झडपेतून ते पुढे सरकत नाही, आणि सहाव्या-सातव्या महिन्यात बाईला झोपता येईनासं होतं. तिच्या लहानपणी कधीतरी सांधे सुजले होते, हे तेव्हा आईला आठवतं. काही घरांत ते आधीपासून माहीत असतं, पण लग्नाला अडचण नको म्हणून केसपेपर ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला असतो आणि इंजेक्शनं लग्नाच्या वर्षी बंद झालेली असतात. झडप बदलण्याला आपण लाखांत पैसे मोजतो आणि ती वाचवणाऱ्या कुपीसाठी पोरीला लोकलने पिटाळतो, हा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षकाला पटू नये.

मुलं शोधायची कशी, असं विचारलं जातं. शोधण्याचा कार्यक्रम आपल्याकडे आहे, आणि तो सुरूच आपल्या भागातून झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यात तपासायच्या आजारांत ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा, शाळांत एकदा जातात. पण ही योजना सरकारी आणि अनुदानित शाळांपुरती आहे. आमच्याकडच्या वस्त्यांत आज निम्मी गल्ली कमी फीच्या खाजगी इंग्रजी शाळांत जाते. बाप रिक्षा चालवून मुलाला ‘इंग्लिश मीडियम’मध्ये घालतो आणि त्यामुळेच त्या मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लागत नाही. या शाळा पालिकेच्या हद्दीत आहेत; पथकं तिथेही पाठवायला हवीत.

स्टेथोस्कोपही पुरा पडत नाही. हरियाणातल्या बल्लभगढ भागात ‘एम्स’च्या डॉक्टरांनी शाळकरी मुलांची इको तपासणी केली होती. नुसत्या कानाने ऐकून हजारात एखादं मूल सापडत होतं, तिथे इकोवर हजारात सुमारे वीस मुलांच्या झडपांत बदल दिसले. २०११मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. या वीसपैकी सगळी मुलं पुढे आजारी पडत नाहीत, हे खरं. पण अशा लपलेल्या अवस्थेतल्या मुलांना इंजेक्शन देऊन काही फरक पडतो का, याचंही उत्तर आता आहे. युगांडामध्ये ८१८ मुलांवर केलेल्या चाचणीत, दोन वर्षांनी, इंजेक्शन न मिळालेल्या गटातल्या ८.२ टक्के मुलांचा आजार वाढलेला आढळला आणि इंजेक्शन मिळालेल्या गटात ०.८ टक्के. युगांडाला जे जमलं ते वैद्यकीय महाविद्यालयांच्या सावलीत असलेल्या या पट्ट्याला जमणार नाही, असं मी मानायला तयार नाही. हातात मावणारी इको यंत्रं आता मिळतात. सगळ्या शहराची तपासणी एकदम करायला कोणी सांगत नाही. दिघा आणि कळव्याच्या डोंगरावरच्या शाळांपासून सुरुवात होऊ शकते.

एक आक्षेप मात्र मी मनापासून गंभीरपणे घेतो: स्ट्रेप्टोकॉकसची भीती घातली की प्रत्येक दुखऱ्या घशाला ॲझिथ्रोमायसीन हे प्रतिजैविक दिलं जाईल. आत्ताच ते तसं दिलं जातंय. तीन गोळ्यांचं पाकीट चिठ्ठीशिवाय मिळतं आणि ताप उतरला की तिसरी गोळी कपाटात राहते. ॲझिथ्रोमायसीनला न जुमानणारे स्ट्रेप्टोकॉकस तयार झालेत, पेनिसिलीनला न जुमानणारे नाहीत. मग संशय पक्का असेल तिथे जुनं, स्वस्त पेनिसिलीनच पूर्ण दहा दिवस किंवा एकाच इंजेक्शनात, आणि सर्दी-खोकल्याच्या घशाला काहीही नको, एवढी शिस्त पालिकेच्या दवाखान्यांनी पाळली तरी प्रतिजैविकांचा वापर वाढण्याऐवजी कमीच होईल.

औषध मिळण्याची अडचण खरी आहे. बेंझाथिन पेनिसिलीन जीवनावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, किंमत नियंत्रित आहे, आणि नफा थोडा म्हणून ते बनवण्यात कंपन्यांना फारसा रस नसतो. जगभर त्याचा तुटवडा अधूनमधून होतो. ज्या राज्यात, पिंपरीला, १९५४मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही देशाची पेनिसिलीनची सरकारी कंपनी उभी राहिली, तिथल्या शहरांत पेनिसिलीनची कुपी शोधत फिरावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणूनच खरेदी पेशंटवर सोडू नये. यादी असेल तर वर्षाला किती कुप्या लागतील हे जानेवारीतच कळतं, कारण हे औषध अंदाजाने लागत नाही, तारखेने लागतं. दोन्ही पालिका मिळून वर्षभराची मागणी एकदम नोंदवू शकतात.

आणि एक गोष्ट बाहेरच्या तज्ज्ञांना सुचणार नाही, म्हणून आग्रहाने लिहितो. आमच्या वस्त्यांतली माणसं मे महिन्यात गावी जातात. जालना, परभणी, नांदेड, कोकण, जौनपूर, आझमगड. सहा आठवडे गेले की दोन इंजेक्शनं बुडाली. गणपतीत आणखी एक. मुलाच्या हातात एक कार्ड द्या, ज्यावर आजार, डोस, पुढची तारीख आणि ‘कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात द्यावे’ असा शिक्का असेल, मराठीत आणि हिंदीत. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला एप्रिलमध्येच फोन करा की हे मूल येतंय. उरलेलं वर्ष ठाण्याचं मूल नवी मुंबईत गेलं, घर बदललं, ऐरोलीहून मुंब्र्याला आलं, तरी यादीतलं नाव त्याच्याबरोबर जावं. दोन पालिकांच्या मधली खाडी त्याच्या आड येऊ नये.

दोन्ही शहरांची अंदाजपत्रकं फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडली जातात. त्यात या कामासाठी वेगळं लेखाशीर्ष हवं: कुप्या, ॲड्रेनालिन, परिचारिकांचं प्रशिक्षण, आशाताईंना प्रत्येक पूर्ण झालेल्या वर्षामागे मानधन. वर्षाच्या शेवटी एकच आकडा जाहीर करावा, की यादीतल्या किती मुलांना ठरलेल्या इंजेक्शनांपैकी किमान ऐंशी टक्के मिळाली. आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला हा आकडा विचारायला कोणत्याही डॉक्टरी ज्ञानाची गरज नाही.